एका रस्त्याचे अनेक धनी

नंदुरबार आगारातून तळोद्याची एसटी निघते तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात ती बऱ्याच खात्यांच्या हद्दी ओलांडते. आगाराचे आवार महामंडळाचे. बाहेरचा शहरातला रस्ता नगरपरिषदेचा असू शकतो किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. शहर सुटले की शेवाळी-नंदुरबार-तळोदा-अक्कलकुवा-नेत्रंग हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ बी लागतो आणि त्याची मालकी केंद्राकडे जाते. चौकात उभा असलेला हवालदार जिल्हा पोलीस दलाचा, बसची तपासणी करणारा निरीक्षक परिवहन कार्यालयाचा, आणि 'येथे वाहने उभी करू नयेत' हा फलक ज्या अधिसूचनेच्या जोरावर उभा आहे तिच्यावर सही जिल्हाधिकाऱ्यांची. बसमधल्या प्रवाशाला यातले काही दिसत नाही, दिसायची गरजही नाही. पण रस्त्यावर खड्डा पडतो, चौकात गाड्यांचा खच पडतो किंवा शाळेसमोर एखादे पोर चिरडले जाते, तेव्हा याच वाटणीमुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून ही वाटणी नीट समजून घ्यायला हवी.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. शहरांत राहणारे त्यातले जेमतेम सहावा हिस्सा. नंदुरबार शहर १ लाख ११ हजारांचे, शहादा साठ हजारांच्या थोडे वर. नगरपरिषदा चार : नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा. धडगावला नगरपंचायत. महानगरपालिका एकही नाही. म्हणजे पुण्या-मुंबईकडे असतो तसा स्वतंत्र वाहतूक नियोजन कक्ष किंवा सल्लागारांची फौज इथे नाही. नगरपरिषदेत मुख्याधिकारी, नगरअभियंता आणि त्याच्या हाताखालची मोजकी माणसे पाणी, गटारे, बांधकाम परवाने आणि रस्ते एकाच वेळी सांभाळत असतात. ही मर्यादा मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

कायद्याने नगरपरिषदेकडे बरेच काही दिले आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिच्यासोबत घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. त्या अनुसूचीत चौथा विषय रस्ते आणि पूल हा आहे, आणि सतराव्यात पथदिवे, वाहनतळ, बसथांबे व सार्वजनिक सोयी आहेत. वाहनतळ हा शब्द थेट घटनेत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याआधीपासून महाराष्ट्रात नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ आहेच. त्याचे कलम ४९ नगरपरिषदेची कर्तव्ये सांगते : सार्वजनिक रस्ते बांधणे व दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवे लावणे, ते झाडणे, रस्त्यात आलेले अडथळे आणि पुढे काढलेली बांधकामे हटवणे. हे सारे बंधनकारक कर्तव्यांत मोडते. पैसे उरले तर करायची ही कामे नव्हेत.

वाहतूक मात्र वेगळ्या कायद्याखाली येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी घालणे किंवा एकेरी वाहतूक करणे हे राज्य शासनाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याच्या हातात आहे. वाहने कुठे थांबावीत हे कलम ११७ खाली ठरते, तेही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. म्हणजे रस्ता किती रुंद असावा हे नगरपरिषद ठरवते आणि त्या रुंदीत काय उभे राहावे हे दुसरे कोणी. नगरपरिषदेने वाहनतळासाठी जागा आखायची, पोलिसांनी प्रस्ताव द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढायची, आणि मग पुन्हा नगरपरिषदेने पट्टे मारून फलक लावायचे. या साखळीतली एक कडी जरी सुटली, तरी कारवाई कच्ची पडते. अधिसूचना नसताना लावलेला फलक कोर्टात टिकत नाही. अधिसूचना आहे पण फलकच नाही, तर वाहनचालक म्हणतो मला कळणार कसे, आणि त्याचे म्हणणे खरे असते.

महामार्गावर तर नगरपरिषदेचे हात आणखी बांधलेले. नवापूरजवळून सुरत-नागपूर महामार्ग जातो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहादा या गावांना ओवत जातो. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार २००२ च्या केंद्रीय कायद्याने महामार्ग प्रशासनाला दिला आहे. विसरवाडीसारख्या गावात महामार्गालगत दुकाने, हॉटेले, रसवंत्या उभ्या राहतात तेव्हा ग्रामपंचायत कर घेते, पण रस्त्याची कड मोकळी ठेवणे तिच्या हातात नसते. महामार्गासाठी ते गाव म्हणजे वेग कमी करायची एक जागा, आणि गावासाठी तोच महामार्ग म्हणजे बाजारपेठ. दोघांच्या गरजा उलट्या असताना मधली सोय कोणी करायची, हा देखरेखीचा खरा प्रश्न आहे.

आता रस्त्याचे काम कसे होते ते पाहू. नगरअभियंता अंदाजपत्रक तयार करतो, त्याला तांत्रिक मान्यता मिळते, मग प्रशासकीय मान्यता, मग ई-निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि शेवटी देयक. पैसा बहुतेकदा जिल्हा वार्षिक योजनेतून, नगरोत्थानातून किंवा वित्त आयोगाच्या अनुदानातून येतो. सर्वसाधारण सभेत हा विषय येतो तेव्हा चर्चा होते ती काम कोणत्या प्रभागात आणि किती लाखांचे यावर. काम झाल्यावर काय झाले, हा विषय सभेपुढे येताना क्वचितच दिसतो. खरे तर करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला, तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची अनामत अडकलेली असते. एखाद्या नगरसेवकाने प्रत्येक सभेत फक्त एवढे विचारले की दोषदायित्व कालावधीत असलेले रस्ते कोणते, त्यांतले किती खराब झाले आणि ठेकेदाराला किती नोटिसा गेल्या, तर नगरपरिषदेचे बरेच पैसे वाचतील. या यादीसाठी वेगळा खर्च लागत नाही, ती कार्यालयात असायलाच हवी.

दुसरा प्रश्न रस्त्याच्या उंचीचा. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर काही वर्षांनी काँक्रीट, असे होत होत रस्ता घरांच्या जोत्याच्या वर येतो आणि पावसाळ्यात पाणी ओट्यावरून आत शिरते. जुना थर खरवडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात आहे का, हे आधीच पाहावे लागते. नंतर ओरडून उपयोग नसतो. तिसरा प्रश्न खोदकामाचा. पाइपलाइन, भुयारी गटार, केबल यांचे नियोजन आधी आणि रस्ता शेवटी, हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, पण निधी वेगवेगळ्या योजनांतून वेगवेगळ्या वेळी येतो आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, म्हणून क्रम उलटतो. यावर उपाय कागदावर साधा आहे : पुढच्या दोन वर्षांत कोणत्या गल्लीत काय खोदले जाणार, याचा एक नकाशा सार्वजनिक बांधकाम समितीसमोर ठेवायचा आणि त्या गल्लीतल्या रस्त्याला तोवर मंजुरी द्यायची नाही. एखाद्या ठरावामुळे नुकसान होणार असे दिसले, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ प्रमाणे जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ते हत्यार राजकीय भांडणात बरेच वापरले जाते, रस्त्यांसाठी फार कमी.

राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका दीर्घ काळ लांबून अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. तोपर्यंत काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात रस्ते झाले, पैसाही खर्च झाला, पण प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. निवडून आलेल्या सभागृहाने त्या काळातल्या कामांची मोजमापे आणि चाचणी अहवाल मागवून पाहणे हे पहिले काम मानायला हवे. त्यात कोणावर आरोप करण्याचा हेतू असण्याची गरज नाही.

खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश आता प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर असले पाहिजेत. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये खड्ड्यांविषयी लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. तिच्यात चांगल्या स्थितीतला रस्ता मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईच ठरवून दिली : खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. दावा तपासायला समिती. नगरपरिषदेच्या हद्दीत तीत मुख्याधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. भरपाई सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आणि ती जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत तो बुजवणे अपेक्षित आहे. म्हणून तोंडी तक्रारीला अर्थ उरत नाही. जागेचे नाव, जवळची खूण, तारीख आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घेतलेल्या अर्जामुळे ते ४८ तास मोजता येतात, आणि पुढे दुर्दैवाने काही घडले तर तोच कागद पुरावा ठरतो. रस्ता कोणाचा हे नक्की नसेल तर अर्ज दोन्ही कार्यालयांना द्यावा. हद्द शोधून काढणे हे नागरिकाचे काम नाही.

खड्ड्यांइतकाच छळ करतात ते आपले गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेने गतिरोधकाचे माप फार पूर्वी ठरवून दिले आहे : १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, रस्त्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर. हे आकडे मनाला येईल तसे घेतलेले नाहीत. ३.७ मीटरची जीवा आणि १७ मीटरची त्रिज्या घेऊन भूमितीने उंची काढली की बरोबर दहा सेंटिमीटर येते. अशा उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी गेली तर हलका हेलकावा बसतो. त्याहून वेगाने गेली तर जाणवेल एवढा धक्का. गतिरोधकाच्या अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक आणि उंचवट्यावर रात्री चमकणारे पट्टे, हेही त्याच मानकात आहे.

आता एखाद्या गल्लीतल्या गतिरोधकावर मोजपट्टी ठेवून पाहावी. रुंदी बहुधा हातभर निघते, उंची वीतभर, कडा उभ्या आणि पट्टा पुसलेला. कामावरून उरलेले डांबर किंवा काँक्रीट रहिवाशांच्या आग्रहाखातर तिथे ओतलेले असते. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, तिच्या मांडीवर मूल, आणि समोर अंधारात हा उंचवटा. लोकांनी सुरक्षिततेसाठीच मागितलेली वस्तू इथे अपघाताचे कारण होते. पाठीचे दुखणे असलेला रुग्ण किंवा दिवस भरलेली बाई घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला असे उंचवटे ओलांडताना किती जपावे लागते, हे तिच्या चालकाला विचारावे. यात रहिवाशांची मागणी चुकीची नसते. वेग कमी व्हायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पण त्यासाठी लेखी मागणी, पोलिसांचे मत, अभियंत्याची आखणी आणि मानक मापाचे बांधकाम एवढे टप्पे पार पडलेच पाहिजेत. राष्ट्रीय महामार्गावर तर उंच गतिरोधक चालतच नाही. तिथे फार तर थरथर जाणवणारे बारीक पट्टे, फलक आणि रस्त्याची रचना बदलून वेग उतरवावा लागतो.

पार्किंगचा प्रश्न नंदुरबारच्या जुन्या भागात सर्वांत अवघड आहे. हाट दरवाजा, जळका बाजार, मंगळ बाजार, हुतात्मा शिरीषकुमारांचे स्मारक असलेला माणिक चौक हा सगळा भाग बैलगाडीच्या काळात वसलेला. साध्या आकड्यांत सांगायचे तर रस्त्याला समांतर उभी केलेली मोटार सुमारे दोन मीटर जागा खाते. रस्ता नऊ मीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना मोटारी असतील तर मध्ये पाच मीटर उरतात. त्यात येणारी-जाणारी वाहने, हातगाडी, माल उतरवणारे पिकअप आणि पायी चालणारी माणसे. एका बाजूची मोटारींची रांग उठवली की लगेच दोन मीटर मोकळे होतात. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने लावण्याची पद्धत याच गणितावर उभी आहे. तिला पैसा जवळजवळ लागत नाही; लागते ती अधिसूचना, फलक आणि पहिले काही आठवडे न थकता केलेली अंमलबजावणी.

दुसरे गणित दुचाकींचे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटरची जागा धरतात आणि दुचाकीसाठी एक बाय दोनची. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी बसतात. आपल्याकडे बाजाराला येणारे गिऱ्हाईक बहुतांशी दुचाकीवर येते. म्हणून छोट्या शहरात सार्वजनिक जागा आधी दुचाकींना आखून द्यावी आणि मोटारवाल्याला थोडे चालायला लावावे, असे मला ठामपणे वाटते.

याच नियमावलीप्रमाणे नव्या इमारतीत पार्किंग सोडावेच लागते. नकाशात तळमजल्यावर वाहनतळ दाखवलेले असते. वर्षभरात तिथे गाळे किंवा गोदाम दिसते आणि गाड्या रस्त्यावर. भोगवटा प्रमाणपत्र देताना जागा पाहणे आणि त्यानंतरही अधूनमधून फेरी मारणे हे नगरपरिषदेचेच काम आहे, इथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. विकास योजनेत वाहनतळासाठी ठेवलेल्या आरक्षणांचेही तसेच. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत नगरपरिषदेने पाऊल उचलले नाही, तर आरक्षण रद्द होते. शहराच्या मध्यावरची मोकळी जागा एकदा अशी सुटली की पुन्हा मिळत नाही. कुठल्या आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात, याचा तक्ता नियोजन समितीच्या टेबलावर कायम असायला हवा.

पार्किंग आणि सुरक्षितता यांचा जवळचा संबंध चौकाच्या कोपऱ्यावर दिसतो. कोपऱ्यावर जीप किंवा पिकअप उभे असले की रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला येणारी गाडी दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन विनियमांत चौकाच्या अलीकडे-पलीकडे ५० मीटरपर्यंत वाहन उभे करण्यास मनाई आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या होबोकेन या शहराने कोपरे मोकळे करण्याचा हा एकच उपाय चिकाटीने राबवला : जिथे रस्त्याचे डांबरीकरण निघाले, तिथे कोपऱ्यावर रंगाचे पट्टे आणि छोटे खांब रोवून गाड्या उभ्या राहणेच अशक्य केले. २०१७ पासून पुढे अनेक वर्षे त्या शहरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. होबोकेनची वस्ती साठ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या शहाद्याएवढी, आणि तेही दाटीवाटीचेच गाव. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे हे खरे, पण कोपऱ्यावर पट्टे मारून खांब रोवण्याचा खर्च शहाद्यालाही परवडणारा आहे.

रस्त्यावरच्या गर्दीचा विषय निघाला की बोट पहिल्यांदा विक्रेत्यांकडे जाते. सातपुड्यातून टोपलीभर सीताफळे, आमचूर किंवा भगर घेऊन आलेल्या बाईला रस्त्याच्या कडेशिवाय जागाच नसते. तिला उठवून रस्ता रुंद होतो, असे समजणे अन्यायाचे आहे आणि चूकही आहे. तिने अडवलेली जागा एका मोटारीच्या चतुर्थांशही नसते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण करून प्रमाणपत्रे देणे आणि विक्रीची जागा ठरवणे हे या समितीच्या शिफारशीने व्हायचे असते. पार्किंगचा आराखडा आणि विक्रेत्यांचा आराखडा एकाच नकाशावर काढला नाही, तर दोन्ही फसतात.

हे सगळे धागे एकत्र यावेत यासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती ३१ जानेवारी २०१८ पर्यंत नेमण्यास सांगितले. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलीस अधीक्षक, परिवहन, बांधकाम, महामार्ग, आरोग्य या खात्यांचे अधिकारी. सुरुवातीला सांगितलेले रस्त्याचे सगळे धनी एका टेबलाभोवती बसतात ती जागा हीच. नगरपरिषदेच्या सभेत महामार्गाच्या अभियंत्याला प्रश्न विचारता येत नाही, इथे येतो. मुख्याधिकाऱ्यांनी या बैठकीला कनिष्ठ अभियंत्याला पाठवण्याऐवजी स्वतः जावे, आपल्या शहरातल्या धोक्याच्या जागांची यादी घेऊन जावे, आणि परत आल्यावर इतिवृत्त सभागृहापुढे ठेवावे. हे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात कोणालाही मागता येते.

समिती काम करते ती मुख्यतः अपघातप्रवण स्थळांवर. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरच्या ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते 'ब्लॅक स्पॉट'. ही व्याख्या पैसा कुठे लावायचा हे ठरवायला उपयोगी आहे, पण तिच्यात आधी माणसे मरावी लागतात. छोट्या शहराच्या चौकात रोज घसरणारी दुचाकी, पाय मोडलेला म्हातारा, रिक्षाचा धक्का बसलेली मुलगी यांची बहुधा पोलिसांत नोंदच होत नाही, म्हणून तो चौक यादीत कधीच येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांत जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची आणि सुमारे २० टक्के पायी चालणारी. त्याच वर्षी महाराष्ट्रातले मृत्यू १५ हजारांवर होते. जिल्हा रुग्णालयात रोज येणाऱ्या जखमींची जागेनुसार नोंद ठेवली आणि ती दर महिन्याला समितीला दिली, तर मृत्यूची वाट न पाहता धोक्याची ठिकाणे कळतील.

आपल्या जिल्ह्यात धोक्याला ऋतूही आहेत. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री शहादा परिसरातल्या रस्त्यांवर असतात. मागे परावर्तक पट्टी नसेल तर मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. पट्ट्या चिकटवण्याचे काम कारखान्याच्या गव्हाणीजवळ, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात उरकायला हवे. मिरचीचा हंगाम आला की नंदुरबारच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअपांच्या रांगा लागतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार. या तारखा पंचांगात आधीच छापलेल्या असतात, तरी बंदोबस्ताची बैठक बहुतेकदा दोन-चार दिवस आधी होते.

घाटांतही बरेच जीव जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये कोंडाईबारी घाटात खासगी प्रवासी बस पुलावरून कोसळून पाच जण गेले. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरात मजुरांची जीप दरीत पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये धनत्रयोदशीच्या दिवशी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप चांदसैली घाटात उलटले आणि ऐन दिवाळीत घरोघर आक्रोश झाला. मालवाहू गाडीत माणसे बसवणे बेकायदा आहे, हे प्रत्येक वेळी सांगितले जाते. पण पाड्यावरच्या माणसाला दुसरे वाहनच नसते, तेव्हा केवळ चालान फाडून हा प्रश्न सुटत नाही. जिल्ह्यात नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा ही चार एसटी आगारे आहेत. धडगाव-तळोदा बाजूला यात्रेच्या चार-पाच दिवसांत जादा गाड्या सोडणे, पिकअप घाट चढण्याआधी पायथ्याशीच अडवून प्रवासी त्या गाड्यांत बसवणे, आणि पावसाळा संपताच संरक्षक कठडे, खचलेल्या कडा व वळणांवरचे आरसे तपासणे ही तीन खात्यांची कामे आहेत. घाटातल्या कठड्याच्या दुरुस्तीला अंदाजपत्रक, मान्यता आणि निविदा मिळून निदान दोन महिने जातात. दिवाळीपूर्वी काम हवे असेल तर समितीच्या ऑगस्टच्या बैठकीतच अस्तंबा यात्रा हा विषय पत्रिकेवर घ्यावा लागेल, आणि एसटीच्या धुळे विभागाला जादा गाड्यांचे पत्र त्याच दिवशी जावे लागेल.